ई-क्लासातला तणमोर

४ ऑगस्ट
दीक्षा अकोल्याहून आली ती आजोबाला भेटायला नव्हे, कॉलेजच्या प्रकल्पासाठी! तणमोर म्हणे, गवतात राहणारा पक्षी. दिवसभर गावच्या ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या कुरणात, गुरं राखणाऱ्या पुंजारामच्या मागे. पुंजाराम — मी शिकवायचो तेव्हा माझ्याच वर्गात सातवीला दोनदा बसलेला, कवितेची एक ओळ पाठ नसायची. आता तो ‘पुंजारामकाका’. माझ्या वाट्याला काय? ‘आबा, गोळी घेतली का?’

६ ऑगस्ट
जेवताना समजावत होती. पावसाळ्यात नर गवतातून पुरुषभर उंच उडी मारतो, मादीला दिसावं म्हणून. कुरण नांगरलं की उडी मारायला जागाच नाही. साऱ्या देशात मोजकेच उरलेत.
मी म्हटलं, मोराची कविता म्हणू?
“आबा, तो मोर नोय! काका म्हणत होते, गुरुजीनं गावाले तीस वर्षं मोराचा चुलतभाऊ म्हणून शिकवला.”
हसले असतील दोघं! लहानपणी गुरं राखताना मीही पाहिलाय तो — काळाभोर, डोक्यामागे नाजूक तुरे. मला विचारतं कोण?

९ ऑगस्ट
आज घरी जेवली नाही. पुंजारामच्या शिदोरीतली भाकर गोड लागते!

१२ ऑगस्ट
पहाटेच एकटा कुरणात गेलो. शाळेतल्या ओळी मोठ्यानं म्हणत — सवय! पायाजवळून मादी भुर्रकन उठली. तीन अंडी, हिरवट! पुंजारामच्या आधी मला!
जागा चुकू नये म्हणून काठी रोवली. शेताच्या धुऱ्यावर बांधतो तसा फडका बांधला. उद्या दीक्षाला मीच दाखवणार.

१३ ऑगस्ट
दीक्षाला नेलं. पुंजारामही आला. काठीवर कावळा. खाली टरफलं.
पुंजाराम हळूच म्हणाला, “कावयाले निशाणी बरोबर समजते.”
“कोणं लावली?” दीक्षा रडत होती.
त्यानं फडका सोडला. माझ्या धोतराचा काठ. एकदा माझ्याकडे पाहिलं.
“मीच लावली, बाई. अक्कल नाई मले.”
“तुमाले तं सारं समजते ना काका! मंग काहून लावली?”
तो मान खाली घालून उभा. मी गप्प.

१६ ऑगस्ट
दीक्षा कुरणात जात नाही. पुंजारामचं नाव घेत नाही. माझ्याजवळ बसते, कविता म्हणा म्हणते. हेच हवं होतं ना!
दुसरं कडवं आठवेना.

१७ ऑगस्ट
दीक्षाला सांगितलं, काठी मीच रोवली होती. तिनं चप्पल घातली आणि पुंजारामच्या घराकडे धावत गेली.