बंद न होणारी चर्चा

३ मार्च
एस्कनाबा या सरोवरकाठच्या गावात येऊन आठवडा झाला आणि आज शेवटचं खोकं रिकामं झालं. घर लहान आहे, पण खिडकीतून सरोवर दिसतं. अजून गोठलेलंच आहे. बर्फावर मासे धरणाऱ्यांच्या खोपट्या लांबवर ठिपक्यांसारख्या दिसतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गरम पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आणून दिली आणि वर बजावलं की केचप लावून खाल्लीत तर पुन्हा देणार नाही. नोकरी संपली, आता दिवसभर काय करायचं हा प्रश्न होता. तोही आज सुटला.

दुपारी लायलचा फोन आला. आमचा इंटरनेटवरचा जुन्या रेडिओंचा फोरम त्याचाच. वॉल्व्हचे रेडिओ उघडून बसणारे आम्ही सगळे म्हातारे तिथे जमतो. म्हणाला, "एमेट, तुला आता काय उद्योग आहे? आमच्याकडे जरा झाडू मार." ज्या चर्चेत वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, तिला कुलूप लावायचं आणि अडगळीत टाकायची. आधी हे मर्ल बघायचा, तो ॲरिझोनाला मुलाकडे राहायला गेला. मी लगेच हो म्हटलं.

६ मार्च
कंटाळवाणं काम आहे, पण मजा येते. कुणीतरी जीव तोडून प्रश्न विचारतो, आणि खाली एवढंच: "सुटलं. धन्यवाद." कसं सुटलं, ते सांगायचं नाही. एका ठिकाणी दोघे तारांना सोल्डरचा डाग देण्याच्या पद्धतीवरून पानंच्या पानं भांडलेत. "आधी सोल्डरिंग आयर्न नीट धरायला शीक, मग मला शिकव!" दोघेही आता या जगात नाहीत. दोघांच्या भांडणाला मीच कुलूप लावलं.

आज एक चर्चा इथल्या शेजारच्याच गावची निघाली. ग्लॅडस्टनचा कुणी हार्लन. खूप जुनी. लिहिलंय: "रेडिओ घरघरतो. प्लग काढलाय. आता आत हात घालायला हरकत नाही ना?"

खाली एकही उत्तर नाही. खरं तर आमच्यातल्या कुणीही झोपेतसुद्धा 'नको' म्हणून सांगितलं असतं. सगळ्यांना वाटलं असेल, दुसरा कुणीतरी सांगेल. कुलूप लावलं.

७ मार्च
हार्लनची चर्चा सकाळी सगळ्यात वर. कुलूप उघडं. खाली नवीन ओळ: "कुणी आहे का?"

माझीच काहीतरी चूक झाली असेल. पुन्हा कुलूप लावलं. कॉफी घेऊन येईपर्यंत पुन्हा उघडं.

९ मार्च
लायलला फोन केला. आधी त्याने चर्चा कुणाची ते विचारलं. मग म्हणाला, ती एक सोड. तिला कुलूप लावू नकोस. दिवसातून एकदा 'थांब, बघतो' एवढं लिहीत जा, मर्ल तेच करायचा.

मी म्हटलं, कुणी पोरगं चेष्टा करत असेल. तर म्हणाला, "मर्ल तिकडे उन्हात बसायला गेला असं वाटतं का तुला?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, की काही झालं तरी त्याला खरं उत्तर देऊ नकोस.

१५ मार्च
दिवसातून एकदा, असं लायल म्हणाला होता. आता ते दिवसभर चाललंय.

"थांबू ना?" थांब, बघतो. "अजून किती?" थांब, बघतो. "बायको आयडेला जेवायला हाका मारतेय." थांब, बघतो.

काल सामान आणायला गेलो. परत येऊन बघतो तर पानभर तेच, "कुणी आहे का?", एकाखाली एक. रागावलेला नाही तो. तेच सहन होत नाही. चांगला माणूस आहे, वाट बघतोय. सरोवरावर फिरायला जाईन म्हटलं होतं, एकदाही गेलो नाही. डोळे चुरचुरतात. मान धरलीय.

१९ मार्च
आज लिहून टाकलं. लायलचं ऐकायचं त्राण नव्हतं. लिहिलं: "हार्लन, हात घालू नकोस. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जीव जाईल. आधी ती उतरव."

नंतर सगळं गप्प. मी खुर्चीतच झोपलो, किती दिवसांनी.

उठल्यावर एक शब्द होता.

"घातला."

२० मार्च
ग्लॅडस्टनला गेलो. छोटं गाव. पेट्रोलपंपावरच्या मुलीने हार्लनचं घर दाखवलं.

आयडेलाबाई थकलेल्या आहेत, पण ताठ. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही फोरमवाले ना? तो मर्लही आला होता." त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. सांगितलं ते असं: हार्लन गॅरेजमध्ये संगणक चालू ठेवून उत्तराची वाट बघत बसला होता. जेवण वाढलं होतं. "मला म्हणाला, या लोकांना काही सवड होत नाही, मीच बघतो. मी म्हटलं, बघ बाबा, पण लवकर बघ." पुन्हा म्हणाल्या, "लवकर बघ, असं मीच म्हटलं हो."

ज्याने हार्लनचा जीव घेतला तो रेडिओ अजून गॅरेजमध्येच होता, चादरीखाली. मर्लने मागितला होता, त्यांनी दिला नव्हता. मला म्हणाल्या, घेऊन जा, आता माझ्याच्याने याच्यासोबत राहवत नाही.

मी आणला. वाटलं, घरघर दुरुस्त केली की प्रश्न मिटेल, त्याला लिहिता येईल की झालं काम, जा आता. दमलेल्या माणसाला कसंही करून काम संपवायचं असतं.

२२ मार्च
रेडिओ टेबलावर आहे. फोरमवर आज लिहिलंय:

"हात निघत नाही. कुणीतरी येऊन काढा."

२३ मार्च
प्लग लावलेला नाही. तरी घरघरतोय.

कपॅसिटर रिकामे केले, मीटर लावून बघितलं, काही नाही. तरीही.

लायलला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "तो रेडिओ घरी आणलास?" हो म्हटल्यावर ओरडला, की आहेस तसा बाहेर पड, कोट घ्यायलाही थांबू नकोस.

दारापर्यंत गेलो. मागून आवाज आला. संगणकातून नाही — रेडिओतून. हळू, संकोचून, पाहुणा पाणी मागतो तसा. थांबू ना, म्हणाला.

मी परत येऊन बसलो. सगळ्यांनी पाठ फिरवली म्हणून तर तो —

२४ मार्च
झोप नाही. घरघर आता दातांत लागते.

थांब, बघतो म्हटलं. तोंडाने.

तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात.

२५ मार्च सकाळ
मागचं झाकण काढलं. आत ऊन पडलंय, सगळं स्वच्छ दिसतंय. वॉल्व्हच्या मधून — बोटं आहेत. चार. करंगळीजवळच्या बोटात अंगठी. हलताहेत.

धरली.

गरम आहेत. मला वाटलं होतं गार असतील. डाव्या हाताने लिहितोय. ओढतोय. मनगट आलं — येतंय — बाबा रे, जरा धीर धर, आलंच —

रडतोय तो. नको ओढू म्हणतो. एमेट, बघ तरी, म्हणतो, नीट बघ —

बघितलं. कोपरापर्यंत. त्याचा हात बाहेर नाही आलेला. माझा आत गेलाय —