मीरवैसच्या वतीने

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

ग्लेनने आज केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, कॉन्ट्रॅक्टचं काही असेल — डिसेंबरात संपतंय. पण नाही! म्हणाला, "रतन, एक भाषण करायचंय. तू समोर बसून ऐक. चुकलो तर थांबव."

युरोप-अमेरिकेतले काही खासदार इकडे सौदीत दौऱ्यावर येताहेत. एकवीस तारखेला खोबरच्या हॉटेलात कार्यक्रम. विषय — लोकशाही देशांनी परक्या मुलखात सैन्य पाठवलं, तोंडघशी पडले, त्यातून काय शिकायचं.

मी म्हटलं, मी विजेचा माणूस, मला यातलं काय कळतं?

"तू कंदाहारमध्ये होतास. इथे तसं दुसरं कोणी नाही."

हे खरं. नाशिकची नोकरी सोडून तिथे गेलो तेव्हा शीला कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. अमेरिकन पैशावर उभं राहिलेलं जनरेटरचं वीजघर, मी तिथला इंजिनिअर. ग्लेन तेव्हा सैन्यात मेजर, गावोगाव वीज पोचवायचं काम त्याच्याकडे. आणि आम्हा दोघांचा दुभाष्या मीरवैस. ग्लेनशी इंग्रजी, माझ्याशी उर्दू, गावकऱ्यांशी पश्तो. तिघं एकाच डब्यातलं जेवायचो.

पुढे ग्लेन सैन्यातून बाहेर पडला, धाहरानला सेफ्टी ट्रेनिंगचा प्रमुख झाला, आणि मला इकडे त्यानेच आणलं. तेव्हापासून माझा साहेब. साहेब कमी, मित्र जास्त.

शीलाला सांगितलं. "अहो, मग सूट इस्त्रीला टाकायला हवा," म्हणाली. बरं वाटलं!

१२ नोव्हेंबर

पहिली तालीम. कॉन्फरन्स रूममध्ये तो बोलतोय आणि श्रोता मी एकटा.

फार चांगलं बोलला. दरवर्षी नवा अधिकारी यायचा, त्याला गावांची नावं पाठ होईतो परत जायची वेळ व्हायची. कधी यायचं, कधी जायचं ते तिथला मुलूख बघून नाही, घरच्या निवडणुका बघून ठरायचं. खोटं बोलायची गरजच नव्हती, म्हणाला — प्रत्येकजण वरच्याला थोडं बरं करून सांगायचा, आणि राजधानीत पोचेपर्यंत हरलेली लढाई जिंकलेली व्हायची.

मी एकदाच थांबवलं. म्हटलं, विजेचंही सांग. डिझेल पुढे कोण भरणार, हे आपण गावाला विचारलंच नव्हतं. पैसा थांबला, दिवे गेले. आणि ज्याच्या घरात दोन उन्हाळे पंखा फिरला त्याला तिसरा उन्हाळा जास्त जाचतो. तो आपल्यालाच शिव्या घालणार!

ग्लेनने ते लगेच भाषणात घेतलं. "हे मला सुचलं नसतं," म्हणाला.

घरी येताना कंपनीच्या बसमध्ये उगाच ताठ बसलो होतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून टाकतो.

दुसरी तालीम. आज त्याने एक नवा भाग घातला. कालव्याच्या रस्त्यावरचा स्फोट. मला वाटलं, आता मीरवैसचं नाव घेणार, त्याचे उपकार मानणार. नाव घेतलं! पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आणि म्हणाला — "आमचा दुभाष्या पहिल्यापासून दुसऱ्या बाजूचा होता. आम्ही कोणत्या रस्त्याने येतोय हे त्यानेच कळवलं. ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला, त्यालाच आम्ही ओळखलं नव्हतं."

थांबव म्हणाला होता ना — पण मी थांबवलं नाही.

मी होतो त्या ताफ्यात! सकाळी आवारात मीरवैसने ग्लेनला सांगितलं, माझ्या देखत — आज कालव्याने नको, वळणावरचा डाळिंबवाला आज बसलेला नाही, काहीतरी आहे. ग्लेनने वर विचारलं. वरून हुकूम आला, वेळेत निघा. वॉशिंग्टनहून पाहुणे येणार होते. गावात बटण दाबायचं, दिवे लागायचे, फोटो निघायचे. त्यासाठी कालवा!

पुढची गाडी उडाली. दोन शिपाई गेले, मिसरूडही धड न फुटलेले. ग्लेनची गाडी पेटली. दार वाकून अडकलेलं. ते तापलेलं दार हाताने ओढून ग्लेनला बाहेर काढणारा माणूस मीरवैस! उजव्या हाताची कातडी दाराला चिकटून राहिली. मी मागच्या गाडीत होतो. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

तो दगाबाज?

१५ नोव्हेंबर

सुट्टी. शीलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ग्लेन असं करतील? आपल्या नूपुरच्या वाढदिवसाला गुडघ्यावर बसून फुगे फुगवणारा माणूस तो."

तोच.

कारण उघड आहे. वरच्यांनी रस्ता बदलू दिला नाही असं बोलला तर त्याचेच जुने अधिकारी खजील होणार. त्यातले काही आता मोठ्या जागांवर असतील. मग सोपं काय? दूरचा अफगाण माणूस. तो कुठे उत्तर द्यायला येणार?

सप्टेंबरात कामासाठी जेद्दाला गेलो तेव्हा मीरवैस भेटला होता. तो मक्केत एका हॉटेलात यात्रेकरूंची व्यवस्था बघतो. मला मक्केत जाता येत नाही, म्हणून तोच बस पकडून आला. तिथल्या अल अझीझिया वस्तीत एका अफगाण तंदूरवर बसलो. डाव्या हाताने खात होता. काबूल पडलं तेव्हा तो कसाबसा बाहेर निघाला, पण वडील आणि दोन्ही मुली मागेच राहिल्या.

मी विचारलं होतं, अमेरिकेच्या व्हिसाचं काय झालं?

"अमरीका का ख़याल छोड़ दिया, रतन साहब. अब्बा और बच्चियाँ वहाँ सलामत रहें, बस."

आणि ग्लेनने काही केलं का?

"ग्लेन साहब ने बहुत किया. आज भी करते हैं."

बिचारा! त्याला अजून वाटतं ग्लेन त्याच्यासाठी झटतोय.

१७ नोव्हेंबर, रविवार

गेलो केबिनमध्ये. सरळ म्हटलं, "मीरवैसचा भाग खोटा आहे. तुलाही माहीत आहे, मलाही."

ग्लेनने उठून दार लावलं. मग म्हणाला, "सोडून दे, रतन."

"त्याने तुझा जीव वाचवला!"

"मला सांगायची गरज नाही."

"मग?"

"ह्या एका बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव. आणि कृपा करून कोणाशी बोलू नकोस."

कृपा करून! इतकी वर्षं ह्या माणसाच्या शब्दावर चाललो. आईच्या आजारपणात ह्याने एका दिवसात माझा परतीचा व्हिसा करून दिला. माझा इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, घर, नूपुरची शाळा — सगळं ह्याच्या एका सहीवर. त्या सहीच्या जोरावरच बोलतोय का हा?

१८ नोव्हेंबर

ग्लेन कॉरिडॉरमध्ये दिसला. मी जिन्याने गेलो.

१९ नोव्हेंबर

ठरलं. एकवीसला बोलणार. सगळ्यांसमोर.

शीला घाबरली आहे. "नूपुरची बारावी आहे. मार्चपर्यंत तरी इथून हलवू नका आम्हाला." मग थोड्या वेळाने, "मीरवैसना कळवलंत का?"

नाही. कशाला? ज्याला देव मानतोय तो आपल्याला भर सभेत दगाबाज म्हणणार आहे, हे त्याला सांगू? हाताला झालं ते पुरे नाही? त्याच्या वाट्याचं मी बोलेन. आधी निस्तरू, मग सांगू.

शीलाने सूट कपाटाबाहेर काढून ठेवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

केलं!

हॉल भरलेला. ग्लेन बोलला, अगदी तालमीसारखं. डिझेलचं वाक्यही आलं, लोकांनी माना हलवल्या. मग कालवा. मग मीरवैस, बापाच्या नावासकट. पहिल्या रांगेतल्या एकाने दुसऱ्याकडे बघून अशी मान हलवली — मला वाटत होतंच, अशी.

प्रश्नांची वेळ आली. मी उठलो. माइक देणाऱ्याला माझं नाव दोनदा सांगावं लागलं.

म्हटलं, मी त्या ताफ्यात होतो. दुभाष्याने त्या रस्त्याने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, माझ्या समोर. तुमच्याच पाहुण्यांच्या फोटोसाठी तो रस्ता घेतला. आणि आता बोलले ते गृहस्थ जिवंत आहेत, कारण त्या दुभाष्याने जळतं दार हाताने ओढलं. तो कोणाचा हेर नव्हता. शेवटपर्यंत तुमच्याशी इमानाने वागला.

एक बाई होत्या, कुठल्याशा देशाच्या खासदार. त्यांनी विचारलं, "मग तुमच्या मते आम्ही काय शिकावं?"

मी म्हटलं, "हरल्यावर निदान तिथल्या माणसावर खापर फोडू नका. त्याने तुमच्यावर विश्वास टाकला होता. तुम्ही विमानात बसून गेलात, तो तिथेच राहिला."

टाळ्या! आधी दोन-चार, मग सगळा हॉल.

ग्लेन व्यासपीठावर पांढराफटक. समोरचे कागद गोळा करायला लागला. खोटं पकडलं गेल्यावर दुसरं काय करणार? बाहेर पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला. "मी तुला सोडून दे म्हटलं होतं," एवढंच. डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली नाही.

२२ नोव्हेंबर

आयोजकांनी व्हिडिओ टाकला. नूपुर सकाळी नाचत आली — "बाबा, यू आर एव्हरीव्हेअर!" कोणीतरी माझ्या बोलण्याखाली पश्तो भाषांतराची अक्षरंही टाकली आहेत. छान! कंदाहारच्या लोकांनाही कळू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाटलं होतं, आज 'नोकरी खलास' म्हणतील. तसं काही नाही.

ग्लेन स्वतः माझ्या टेबलाशी आला. दाढी केलेली नव्हती. "मीरवैसशी बोललास?"

"त्याचं नाव घ्यायचा तुला हक्क नाही," मी म्हटलं. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली.

"रतन, तो माझा फोन उचलत नाहीये."

"का उचलावा?"

तो निघून गेला. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर जेवलो त्याची पाठ बघताना वाईट वाटलं, खोटं का बोलू? ज्याला आपण मानतो त्यानेच असं करावं! परक्याने केलं असतं तर एका दिवसात विसरलो असतो.

२५ नोव्हेंबर

पुण्याहून, मुंबईहून, कुठून कुठून मेसेज. रतन, मानलं तुला. शीलाही हसली आज — "बरं केलंत, बोललात ते." मीरवैसला मीही दोनदा फोन केला. लागला नाही. हॉटेलात गर्दी असेल.

२६ नोव्हेंबर

मीरवैसचा फोन आला.

ओरडला नाही. "ग्लेन साहब से वो बात मैंने ही कहलवाई थी," म्हणाला. गावात पुन्हा चौकशा सुरू झाल्या होत्या, अमेरिकनांचं काम कोणी कोणी केलं याच्या. तो पहिल्यापासून ह्या चौकशी करणाऱ्यांच्याच बाजूचा होता, असं जीव वाचवायला घरच्यांनी सांगितलं होतं. मोठ्या मंचावरून एका अमेरिकनाने तेच सांगितलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. आणि हे कोणालाही न सांगायची शपथ ग्लेनला त्यानेच घातली होती.

मी विचारलं, घरी सगळे कसे आहेत?

"कल अब्बा को ले गए, साहब. बच्चियों का पता नहीं."