दाब नॉर्मल आहे

मी, आशालता कोंडाजी वाळंज, वय ६४, धंदा तांदूळ व बियाणे निवडणे (आता बंद), राहणार माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच तपासले. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलून जे व्हायचे ते मागेच झाले. उजव्या डोळ्याने नळीतून पाहावे तेवढे दिसते, डाव्याने फक्त उजेड कळतो. म्हणून मी सांगते आणि पौडचे निवृत्त कारकून बंडोपंत लिहितात. त्यांनी माझी भाषा सुधारावी, माझा राग सुधारू नये.

१. माझी दोन सुपे व तीन चाळण्या शेजारीण शारदा हिला द्याव्यात. चाळीस वर्षे आसपासच्या गावांतला लग्नाचा तांदूळ माझ्या हाताखालून गेल्याशिवाय चुलीवर चढला नाही. शारदाची नजर चांगली आहे. जीभ जरा लांब आहे, पण सुपांना त्याचे काही नाही.

२. माझा सख्खा धाकटा भाऊ हैबतराव पडवळ, राहणार चांदे, याला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे म्हातारी चळली होती असे मागाहून कोणी म्हणणार नाही.

२०१९ च्या मे महिन्यात त्याच्या मुलीचे, वैष्णवीचे, लग्न झाले. पंगतीचा तांदूळ मी निवडला होता. व्याह्यांच्या दाताखाली खडा आला, मग शेजारच्याच्या, मग चौघांच्या. भावजय रत्नाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "वन्सं, निवडायचं व्हत न्हाई तर सांगायचं. आमची अब्रू गेली." हैबतराव समोरच जेवत होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटले, माझ्या लाजेने त्याचीही मान खाली गेली.

पुढे मी एका नेत्रशिबिरात गेले. डोळ्यातला दाब मोजायचे यंत्र लावून सांगितले, "दाब नॉर्मल आहे, वय झालंय." त्या नॉर्मलवर मी चार वर्षे दाराच्या चौकटींना धडकत काढली. यंदाच्या श्रावणात शारदाने मला ओढतच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यामागची नस पाहिली, ती वाळत चालली होती. आमचे वडीलही शेवटी चाचपडत होते हे ऐकून त्यांनी रक्त तपासायला पाठवले.

अहवालात ऑप्टिन्युरिन नावाच्या प्रथिनाचा दोष निघाला. डॉक्टरांनी समजावले ते असे. पेशीत रोज मोडका, निकामी माल साठतो. हे प्रथिन तो माल ओळखून धरते आणि पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीकडे पोचवते. आत शिरलेले जंतूही तसेच धरून देते. मी म्हटले, म्हणजे ही निवडणारी बाई झाली. ते म्हणाले, अगदी तशीच. आमच्या घराण्यात तिचे काम जन्मापासून बिघडलेले. कचरा साठतो, नसेतल्या पेशी मरतात, आणि दाब नॉर्मल असतानाही काचबिंदू होऊन नजर जाते. दुसऱ्या काही घरांत याच प्रथिनाच्या वेगळ्या बिघाडाने हातपाय लुळे पडतात म्हणे. थेंब टाकून दाब आणखी उतरवला तर उरलेली नजर बरीच टिकते. गेलेली येत नाही.

अहवाल मिळाला तशी मी चांद्याला गेले. भावाची नजर जाऊ नये या काळजीने गेले, हे ठळक लिहा बंडोपंत. रत्नाबाई भाकरी थापत म्हणाली, "त्यांचं चालूच हाय की. वैष्णवीच्या लगनाच्या आदीपासनं थेंब टाकत्यात." आणि मग तिचे हात थांबले.

हैबतराव बाहेर आला. त्याचा अहवाल लग्नाच्या महिनाभर आधीचा. भावंडांना आणि मुलांना सांगा, असे त्याला डॉक्टरांनी बजावले होते. म्हणाला, "आक्का, लगीन तोंडावर व्हतं. डोळं जाणारं घराणं म्हणल्यावर पोरगी कुणी केली असती?"

मी विचारले, "आन् लगीन झाल्यावर?"

"मग सांगायला लई उशीर झाला व्हता."

खडे का आले, हे त्या मांडवात एकट्या त्याला ठाऊक होते. तेव्हा माझी बहुतेक नजर शाबूत होती. त्याची अजून आहे, तो गाडी चालवतो. मला त्याचा राग येतो आणि रडूही येते, दोन्ही लिहा.

३. त्यानंतरच्या सहा भाऊबीजांच्या सहा साड्या त्याला परत द्याव्यात. दर वर्षी मी त्याला ओवाळले. एका वर्षी कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लावले. त्याने ते रुमालाने पुसले आणि हसून म्हणाला, "आक्का, लक्ष कुटं हाय तुजं?"

४. माझे नेत्रदान करावे. मागची नस मेली तरी पुढचे बुबुळ चांगले आहे, कोणाच्या तरी कामी येईल.

५. माले येथील दोन खोल्यांचे घर व अकरा गुंठे भातखाचर वैष्णवी रोहित भरणे हिला द्यावे. बापाचे पाप लेकीच्या माथी मारणारी मी नव्हे. ज्याला हा दोष आहे, त्याच्या प्रत्येक लेकरात तो उतरायची शक्यता निम्मी. वैष्णवीला बापाने आजवर सांगितलेले नाही, आणि तिला चार वर्षांची मुलगी आहे. अट एकच: डोळ्याची नस आणि रक्त, दोन्ही तपासून घ्यावे. नुसता दाब पाहून कोणी घरी पाठवले तर खुर्चीवरून उठू नये.

बंडोपंत म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. आमच्यात बायका चिवट, मी अजून वीस वर्षे जगेन. तिची नस तोवर थांबणार आहे का? मला अक्षर दिसत नाही, तेव्हा सहीपूर्वी हे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवे. त्यासाठी मी वैष्णवीला बोलावले आहे. आत काय लिहिले आहे ते तिला माहीत नाही.

लेखनिकाची नोंद: वरील मजकूर वैष्णवी भरणे यांनी साक्षीदारांसमोर वाचला. कलम २ मध्ये त्या दोनदा थांबल्या. कलम ५ संपल्यावर त्यांनी वडिलांविषयी विचारले, "आत्या, आप्पांना तवापासनं ठाऊक हाय?" आशालताबाई म्हणाल्या, "व्हय." "आन् माझी पोर?" "आदी तुजं बघू." मजकूर बरोबर असल्याचे सांगून बाईंनी अंगठा दिला. वैष्णवी यांना कोणी आणले असे विचारता त्या म्हणाल्या, "आप्पांनीच. बाहेर गाडीत बसलेत." बाई म्हणाल्या, "मग जा. गाडी घराकडं न्हाई, दवाखान्याकडं घ्या म्हणावं."

लिहून देणार: आशालता कोंडाजी वाळंज (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: १. डॉ. क्षितिजा जोशी, पौड (सही)
२. साहिल तांबोळी, माले (सही)

लेखनिक: बंडोपंत गोडबोले (सही)

ठिकाण: पौड. दिनांक: ७ ऑक्टोबर २०२५

वाचून दाखवणार: वैष्णवी रोहित भरणे (सही बाकी, दवाखान्यात गेल्या आहेत)