दोन पानांची तक्रारवही

४ ऑगस्ट
वैशाली मॅडम परत शिरूरला, ऑफिसात. दौंडला कॉलेजात शिकवतात, पीएच.डी. चालू. सॉफ्टवेअरच्या चाचण्या कसून घेतल्या तर पुढे चुका खरंच कमी निघतात का, हे मोजतायत. काही छोट्या कंपन्या घेतल्यात, त्यात आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चुका पेरल्या, मग आमच्या चाचण्या चालवल्या. निम्म्यासुद्धा सापडल्या नाहीत. म्हटलं, "मॅडम, पेरायचं तुम्ही आणि खुरपायचं आम्ही?" हसल्या. तक्रारवही मागितली. दिली.
तीन वर्षांची दोन पानं.

५ ऑगस्ट
आलेल्या सगळ्या तक्रारी वहीत आहेत, असं पत्र हवं होतं. सही केली, शिक्का मारला. चहा पाजला.

११ ऑगस्ट
न्हावऱ्याहून आबांचा फोन. गावचं दूध केंद्र तेच चालवतात. "आरं, गायीचं दूध म्हशीच्या नावावर चाललंय. लोक हसत्यात मला." मागं बटणांचा आवाज, एकच बटण दोनदा. कळलं, दुसऱ्यांदा दाबलं की गायीची म्हैस होते. "आबा, एकदाच दाबा आणि जरा थांबा." झालं. ठेवताना नेहमीचं वाक्य, "तक्रार न्हाई हां माझी, आपलं सांगितलं."
सगळेच असं म्हणतात. मग वहीत काय लिहिणार? तक्रार म्हणून नाव घातलं तर आबा महिनाभर बोलायचे नाहीत.
पण चूक प्रोग्रॅमची. आबांच्या बोटाची नाही.

१९ ऑगस्ट
मॅडमचा फोन, आवाज आनंदाचा. बाकी ठिकाणी चाचण्या कमी तिथं तक्रारी जास्त. आम्हीच उलटे, दोन्ही कमी. त्यांचे सर म्हणाले, यावर अख्खं प्रकरण होईल. "दादा, तुमच्याकडे असं काय वेगळं आहे?"
सगळं फोनवर मिटतं, वहीत येतच नाही, दुसरं काय. सांगणार होतो. "अहो, कसचं काय" एवढंच तोंडातून निघालं.

२० ऑगस्ट
आबांचा मान वगैरे ठीक. खरं असं की रांजणगावच्या कारखान्यात शिफ्ट करून, घरी येऊन या प्रोग्रॅमची एकेक ओळ लिहिली मी. डिग्री नाही. कॉलेजातलं कोणी त्यावर प्रकरण लिहितंय, हे गोड लागलं. वही अपुरी आहे, हे सही करतानाच माहीत होतं मला.

२ सप्टें.
दौंडला गेलो. कॉलेजच्या कँटीनमध्ये सांगून टाकलं.
"वहीत नसलेल्या किती?"
"रोज एखादी. कधी तीन."
त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.
"सोमवारी प्रबंध द्यायचाय, दादा. तुमची सही होती म्हणून मी परत विचारलं नाही."
चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. उलट बस किती वाजता आहे ते विचारलं.

३ सप्टें.
मॅडमचा मेसेज. सर म्हणतात, शिरूरचं प्रकरण गाळ आणि सोमवारी देऊन टाक. बाई अडून बसल्यात. इतरांच्या वह्याही अशाच असतील तर सगळं मोजमाप खोटं. परत सगळीकडे जाऊन विचारायचं, म्हणजे अजून एक वर्ष. खाली लिहिलंय, "तुम्ही या धंद्यातले. खरं सांगा, बाकीचे फोन लिहून ठेवत असतील का?"
त्यातले तिघे माझ्या ओळखीचे. एकाला फोनवरचं फोनवर मिटवायला मीच शिकवलं.
सकाळपासून तीनदा उत्तर लिहिलं. पाठवलं नाही अजून.