लाल दोऱ्याच्या बाटल्या

आई,

गेल्या मंगळवारी मी कार्यालयात एक लेखी खुलासा दिला. दीड पानाचा. दोनदा कच्चा लिहिला, चार शब्द शब्दकोशात तपासले आणि तिसऱ्यांदा पक्का केला. एकही खाडाखोड नाही. आमच्या मॅडमनी तो वाचला आणि खाली लाल शाईने एक शेरा लिहिला: "पूर्वीच्या परिचराच्या काळातही योग्य पद्धत पाळली जात नसावी." त्यात नाव कोणाचंच नाही, पण आमच्या प्रयोगशाळेत पूर्वीची परिचर म्हणजे तूच. तो शेरा माझ्या एका वाक्यामुळे आला. ते वाक्य तुला सांगायचं आहे. मात्र थेट तेच सांगितलं तर तू म्हणशील, "सुरुवातीपासून सांग ना बाप्पा, मधातच काहून घुसून राहिला?" म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. तुझ्या जागी अनुकंपेवर मला घेतलं, हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. कॉलेजचं पहिलं वर्ष मी अर्धवट सोडलं होतं, बाबा तर कधीचेच नव्हते, आणि भातकुलीची मावशी म्हणाली की सरकारी जागा हातची घालवू नये. पहिल्या दिवशी तुझ्याच सिंकपाशी उभा राहिलो. खिळ्याला तुझे रबरी हातमोजे टांगलेले होते, उजव्या अंगठ्याला भोक पडलेले. जीपचे ड्रायव्हरकाका, जे तुला वयनी म्हणायचे, दारात येऊन म्हणाले, "वयनीच्या जागेवर आला तं वयनीसारखा राय. लय शायनिंग नोको मारू." मी मोजे घालून पाहिले. ते मला लहान होत होते.

काम मला नवीन नव्हतं. कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने ज्या बाटल्यांत यायचे, त्या धुण्याची तुझी रीत मी घरीच पाहिली होती, कारण तू स्वयंपाकघरातली भांडीही तशीच धुवायचीस. नळाचं पाणी, मग गाळलेलं, मग पालथं घालून निथळू द्यायचं. फडकं आत घालायचं नाही. नमुना घेताना ज्या पाण्याची परीक्षा, त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळायची आणि मग भरायची. मी पाहुण्यांसाठी पेल्यांत ताक ओततोय आणि तू मागून सांगतेस, "पयले त्याच ताकानं खंगाळ. आतलं पाणी ताकात गेलं तं पाहुणा म्हणन, हिनं ताक वाढवलं." चौथीपर्यंतच शिकलेली तू, पण एकाही साहेबाला तुझी बाटली परत पाठवावी लागली नाही. बाटल्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या तुला वाचता येत नव्हत्या, म्हणून काही बाटल्यांच्या गळ्याला तू लाल दोरा बांधायचीस. मी अकरावीत असताना काचेवर लिहायची एक जाड पेन्सिल तू मला आणून दिलीस. स्वतःसाठी घड्याळ घ्यायचं म्हणत होतीस, ते राहून गेलं आणि पेन्सिल आली. म्हणालीस, "तुहं अक्षर चांगलं हाय. चिठ्ठ्या लिहीत जाय." नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी सगळ्या बाटल्यांवर मराठीत नीट चिठ्ठ्या लावल्या. दोरे मळले होते, ओले राहायचे. ते मी एकेक करून कात्रीने कापले. केवढं समाधान वाटलं होतं मला त्या दिवशी!

तुझ्या वेळी मोठ्या कारखान्यांच्या फायली दिल्लीला जात. ओढ्या-नाल्यात सांडपाणी सोडायची परवानगी तिकडून मिळे, तपासायला माणसंही तिकडूनच येत, आणि आपण फक्त बाटल्या धुऊन द्यायच्या. यंदा ते काम राज्याने आपल्याकडे घेतलं आणि आमच्या भागातल्या फायली अमरावतीच्या कार्यालयात आल्या. ज्या दिवशी ते पत्र आलं, त्या दिवशी ड्रायव्हरकाका म्हणाले, "पयले दिल्ली दूर होती. आता अमरावती दारात. मालक लोकाइले आंघोळ करून बी येता येते." सगळे हसले, मॅडम सोडून. त्या म्हणाल्या, "लोकांना हेच वाटणार आहे. म्हणून पहिल्या फाईलपासून एकही चूक व्हायला नको." हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. नमुने घ्यायला आता मी जाणार होतो. चूक न करणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. पाण्याची मोटार बंद केली की नाही हे पाहायला मी रिक्षा स्टँडवरून घरी परत जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे.

पहिलीच फाईल अकोल्याजवळच्या एका तेल गिरणीची निघाली. सरकीचं तेल काढतात, शुद्ध करतात, आणि धुण्याचं पाणी टाकीतून पुढे नाल्यात सोडतात. नाल्याच्या खालच्या अंगाला एका काकूंची शेवंती आणि झेंडू आहे. आम्ही जीपमधून उतरलो तशा त्या बांधावरून खाली आल्या. मला हाताला धरून नेलं आणि पाण्यावरची तेलाची साय दाखवली. त्यांच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप मी हातात धरला तर हात बुळबुळीत झाला. "दिल्लीवाले आले तं गाडीतून उतरे नाई," त्या म्हणाल्या. "चपला खराब होतीन म्हणे. तुमी आपले हाय. तुमी तरी पाहा." निघताना त्यांनी कागदात बांधून ओंजळभर शेवंती दिली. मी नको म्हणालो, नियमात बसत नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "अबे, फुलं हायेत, जमीन नाई देऊन राहिली तुले."

मग गिरणीच्या पाइपाच्या तोंडाशी मी नमुने घेतले. शेठ स्वतः समोर उभे होते, तसा नियमच आहे. मी प्रत्येक बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळली. तेल तपासायची बाटलीही तीनदा खंगाळली. शेठ ड्रायव्हरकाकांना म्हणाले, "पोरगं लय नेटकं हाय हो." लाखेची मोहोर लावली, दोघांच्या सह्या झाल्या. पंधरवड्याने निकाल आला. बाकी सगळं मर्यादेत होतं आणि तेल मर्यादेच्या वर. परवानगी थांबली, गिरणीला काम बंद ठेवण्याची नोटीस गेली. काकूंचा कार्यालयात फोन आला. मलाच द्या म्हणाल्या. "पोरा, नाला कसा दिसून राहिला, येऊन पाह्य एक खेप." त्या दिवशी मी डबा पूर्ण खाल्ला. एरवी दुपारी मला अन्न जात नाही.

नवं काम आलं तशी नवी सूचनापत्रकंही छापून आली. भिंतीवर लावण्याआधी मॅडमनी ती माझ्याकडे दिली, शुद्धलेखन पाहून घे म्हणाल्या. मी पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचत गेलो. सातव्या ओळीत होतं: तेल तपासणीची बाटली नमुन्याच्या पाण्याने खंगाळू नये. तेल काचेला चिकटून राहते व निकाल वाढीव येतो. त्या ओळीत एकही चूक नव्हती. मी ती किती वेळा वाचली, आता सांगता येणार नाही.

चार दिवस मी गप्प राहिलो. नाल्यावरची साय मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणजे गिरणी दोषी असणारच, असं स्वतःला समजावलं. पण माझ्या बाटलीने ते सिद्ध झालं नव्हतं. पाचव्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाहेर काय बोलतील, कळतंय का तुला? दिल्लीकडून काम घेतलं आणि पहिल्याच फाईलला मालकाला सोडलं." मी म्हणालो, "कळतंय मॅडम." त्या म्हणाल्या, "तरी सांगितलंस, ते बरोबर केलंस." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खुलाशात लिही की तुला हे कोणी सांगितलंच नव्हतं. माहीत असून केलं म्हटलं तर तो निष्काळजीपणा होतो. मग नोकरीवर येईल."

मी लिहिलं. वाक्य असं आहे: "तेल तपासणीच्या बाटलीबाबत मला यापूर्वी कोणीही सांगितलेले नव्हते."

मॅडमनी शेरा मारला तो त्यावरूनच. त्यांचाही दोष नाही. मला कोणी सांगितलं नाही म्हणजे माझ्या आधीच्या बाईलाही ठाऊक नसणार, हा सरळ हिशेब आहे. खुलासा देऊन बाहेर आलो तर ड्रायव्हरकाका जीप पुसत होते. "शेठनं काय खाऊ घातलं बे तुले?" असं म्हणून हसले. मी हसलो नाही, तसे पुसायचे थांबले. खुलाशात काय लिहिलं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वयनीनं सांगतलं नसन? तुले? हे मी नाई मानत." आणि पुन्हा काच पुसायला लागले.

परवा, शुक्रवारी, आम्ही दुसऱ्यांदा नमुना घेतला. पहिला निकाल रद्द झाला होता आणि गिरणी फेरतपासणीपुरती सुरू करायची होती, म्हणून शेठना आधी कळवावं लागलं. टाकी घासून काढलेली होती, पाइपसुद्धा धुतलेला. या वेळी मी बाटली कोरडी नेली आणि एकाच खेपेत भरली. पाणी डोळ्यांनाच स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे निकाल काय येणार हे आम्हा सगळ्यांना तिथेच कळलं. काकू बांधावर उभ्या होत्या. खाली आल्या नाहीत. मीच वर गेलो. "पयलं पाणी खोटं होतं का?" त्यांनी विचारलं. म्हणालो, "पाणी खरं होतं काकू, बाटलीत माझी चूक झाली." त्यांनी बांधावरून नाल्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चूक तुही, आन् पाणी मी भोगू?" त्या शेवंती खुडायला वळल्या. परतताना मूर्तिजापूरला काकांनी चहा घेतला, मी गाडीतच बसून राहिलो.

आता ते वाक्य. आई, तू मला सांगितलं होतंस. तू आंब्याचं लोणचं घालत होतीस, मी ओट्याशी उभा राहून कॉलेजचा कसलासा फॉर्म भरत होतो. तू काचेच्या वाडग्यातलं तेल बरणीत ओतलंस आणि विचारलंस, "सांग, वाडग्यात तेल किती राह्यलं?" मी मान वर न करता म्हणालो, "काही नाही." तू वाडग्यातून बोट फिरवलंस आणि ते माझ्या मनगटावर पुसलंस. "मंग हे काय तुह्या मामानं आणलं? तेल काचेले सोडत नाई. म्हून लाल दोऱ्याची बाटली कोरडी न्यायची, एका खेपीत भरायची. खंगाळली का तेल वाढते." मी "हो" म्हणालो आणि मनगट टॉवेलला पुसलं, कारण फॉर्मला डाग लागला असता. त्यावर तू रागावलीस. फार नाही, एवढंच म्हणालीस, "डाग पाहतं, आयकत नाई."

नाल्यावर ते मला आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण खुलासा पक्का लिहिताना "कोणीही" या शब्दापाशी मनगटाला मेथीचा, हिंगाचा वास आला. तरी मी वाक्य पूर्ण केलं आणि पूर्णविराम दिला.

काल दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. तेलाच्या सात बाटल्यांना मी लाल दोरा बांधला. संध्याकाळी मॅडमनी ते पाहून विचारलं, हे काय. मी म्हणालो, ओळखायला सोपं जातं. तुझी रीत आहे असं म्हणालो नाही. म्हटलं असतं तर त्यांनी तो शेरा पुन्हा वाचला असता, आणि मग माझं वाक्य.

हा कागद खरं तर त्यांच्या टेबलावर जायला हवा. वर "आई" ऐवजी "प्रति" लिहिलं आणि लोणच्यापर्यंतचं सगळं काढलं, तर उरतं तेवढं पुरेसं आहे. अर्ध्या पानात बसेल. तसं लिहायलाच दुपारी बसलो होतो. पण लेखणी टेकवली तेव्हा "आई" लिहिलं गेलं, आणि मी ते खोडलं नाही. तू रागावशील, पण तुझी नोटीस येत नाही.