साठच्या साठ गोळ्या

मंगळवार, १४ ऑक्टोबर

एकही गोळी कमी-जास्त नाही! पाचूबंदरच्या प्लासिडची गोळ्यांची पाकिटं आज पुन्हा मोजली. सकाळची एक, संध्याकाळची एक, महिन्याच्या साठ — आणि साठच्या साठ संपलेल्या. आमच्या शिकल्यासवरल्या पेशंटांच्या पाकिटांत दर खेपेला दहा-बारा उरतात, वर मलाच ऐकवतात, "अहो, लक्षातच राहत नाही." हा मासेमार तर महिन्यातले पंधरा दिवस समुद्रावर असतो!

डॉ. आशालता मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाचूबंदरमध्ये काम कसं करावं ते अश्लेषाकडून शिका." दिवसभर मी हवेत. किडनीच्या नव्या औषधाचा अभ्यास मॅडमचा, हॉस्पिटल दुसऱ्याचं, किडनी प्लासिडची आणि मिरवतेय मी. असू दे. एक दिवस मिरवलं तर काय बिघडतं!

बुधवार, २९ ऑक्टोबर

प्लासिडचा रक्ताचा रिपोर्ट आला. काही फरक नाही. क्रिएटिनिन उलट किंचित वरच, म्हणजे किडनी सुधारत नाहीये. मॅडम म्हणतात, वाट बघू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज गेलेच नसते तर बरं झालं असतं.

पुढच्या तपासणीची तारीख सांगायला पाचूबंदरला गेले. प्लासिड रविवारपासून बोटीवर. ओट्यावर त्याचा थोरला भाऊ लॉरेन्स जाळं शिवत बसला होता. जूनमध्ये बोटी बंद असताना दोघे भाऊ मिळूनच आमच्याकडे आले होते. किडन्या दोघांच्याही अशक्त. लॉरेन्सच्या जास्तच, म्हणून तो अभ्यासात बसला नाही. मीच त्याला "नाही" म्हटलं होतं. दवाखान्यातल्या बीपीच्या गोळ्या चालू ठेवा, असंही सांगितलं होतं.

त्याची बायको मार्था पाणी घेऊन आली. "सांजची घेतली काय?" त्याने खिशातून पाकीट काढलं. आमचं पाकीट! आमचा शिक्का, प्लासिडचा नंबर, माझ्या अक्षरातली तारीख.

"ही कुणाची गोळी?" मी विचारलं.

"सकालची प्लासिडची, सांजची माजी," लॉरेन्स अगदी सरळ म्हणाला. "जूनपासून. बोटीत आमचा वाटा अर्धा-अर्धा. मंग गोली तो एकटा कसा खाईल?"

मार्थाने माझा चेहरा पाहिला. "काय चुकला काय, बाय?"

मी काय काय बोलले ते धड आठवत नाही. ही गोळी घेऊ नका, एवढं नक्की म्हणाले. त्याने मान हलवली आणि पाकीट परत खिशात ठेवलं, तेही नक्की पाहिलं.

म्हणजे साठच्या साठ अशा संपत होत्या!

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्लासिडला जेट्टीवर गाठलं. लिलाव चालू, मासळीच्या टोपल्यांमध्ये उभं राहून त्याला समजावलं. तुला औषध अर्धंच मिळतंय. लॉरेन्सची तपासणी कुणी करत नाही. आणि कागद वाचून दाखवला होता ना — कुणाला औषधाची गोळी, कुणाला बिनऔषधाची, कुणाला कुठली ते आम्हालाही ठाऊक नसतं!

तो हसायलाच लागला. "बाय, खोटा बरफ भरून कोन बोट दर्यात घालते काय? एवढा रगत घेता तुमी, ते बिनऔषधाच्या गोलीसाठी?"

मी चिडले. तेव्हा तो गंभीर झाला. "दादूसला सोरून मी खानार नाय. मना काढून टाकायचा तं टाका."

काढलं तर त्याच्या तपासण्या थांबतील. मॅडमना सांगायलाच हवं. सोमवारी सांगते.

सोमवार, १० नोव्हेंबर

नाही सांगितलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजही नाही. मॅडम बाहेरगावी होत्या हे खरं. त्यांच्याकडे फोन होता हेही खरं.

दोघांत मिळून एका माणसाचं औषध, त्याने कुणाचं काय बिघडणार? प्लासिडच्या तपासण्या तरी होतायत. असं रोज स्वतःला पटवते. खरं कारण इथे तरी लिहिते — ती शाबासकी मला परत द्यायची नाहीये. लाज वाटते लिहिताना.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लॉरेन्स सकाळी जेट्टीवर कोसळला. बीपी दोनशे चाळीस. मेंदूत रक्तस्राव.

आयसीयूच्या बाहेर मार्था बाकावर बसली होती. हातात जपमाळ, पण ओठ हलत नव्हते. "दवाखान्यातल्या गोल्या तं त्यांनी कवाच सोरल्या," म्हणाली. "तुमची नवी गोली मिलते, मंग जुनी कशाला?"

मी विचारलंच नव्हतं! सहा तारखेला त्यांच्या ओट्यावर उभी होते. बीपीची गोळी चालू आहे ना — एवढा एक प्रश्न. पण मला आमच्या पाकिटाची पडली होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं, तारखांसकट. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, "चौदा दिवस, अश्लेषा?"

अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला ताबडतोब कळवलं. सगळ्यांना एकच धास्ती — आमच्याच औषधाने बीपी चढलं असेल तर? प्लासिडच्या गोळीत काय होतं ते लिहिलेला सीलबंद लिफाफा उद्या फोडणार.

प्लासिड जिन्यात उभा होता. "माज्या गोलीनं झाला काय, बाय? मीच दिली त्याला." माहीत नाही म्हणाले. तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी तिथेच उभी राहिले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिफाफा फोडला. बिनऔषधाची.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "औषधाचा दोष नाही."

बाहेर येऊन प्लासिडला तेवढंच सांगितलं — गोळीने काही झालेलं नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"मंग आजची सांजची त्याला नलीतून देतील काय?"