दिग्गीची नऊ लाकडं

अप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असताना मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आता म्हातारपणी लिहायला बसलो आहे. सून दोनदा डोकावून गेली. काय लिहिता म्हणून तिने विचारलं तर काय सांगायचं, याचीच काळजी लागली आहे.

तुमच्या त्या नव्या कोयत्याबद्दल लिहायचं आहे. रेल्वेच्या कामावरच्या माणसाने दिलेल्या झिजल्या कानशीचं पोलाद तुम्ही आपल्या साध्या लोखंडात बसवलं होतं. चोच आत वळलेली, काटेरी जाळी ओढून तोडता यावी अशी. पाठ जाड, बांबू फोडायला. एक सबंध पावसाळा तुम्ही त्या एकाच कोयत्यामागे घालवला आणि आपल्या गुंद गावातले लोक हसले. नेहमीचा कोयता वर्षाकाठी लोहाराला द्यायच्या ठरल्या भातातच मिळतो, मग ह्याच्यासाठी वेगळं भात कोण देणार? तुम्हालाही तेच जाणून घ्यायचं होतं. मी तेव्हा वीस वर्षांचा, सुप्याच्या शाळेत चार यत्ता शिकून आलेला, आणि भट्टीच्या भात्याशी बसायची मला लाज वाटायची. तुम्ही कोयता माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "दिग्गीला जा. घेणार काय म्हणून इचारू नको. लोहाराला तोंडावर न्हाई कोण म्हणतंय? एकेका घरात वापरायला दे. ज्याला खरंच पायजे तो मुठीचं लाकूड दील. तेवढी लाकडं घिऊन ये."

आपल्याकडे पातं लोहाराचं आणि मूठ ज्याची त्याची. आपल्या हाताच्या मापाचं लाकूड लोहाराकडे देणं म्हणजे शब्द देणं. लोहाराने ते ठेवून घेणं म्हणजेही शब्दच. हे मला शिकवावं लागलं नव्हतं.

दिग्गी गावात मी पाच दिवस राहिलो. पहिल्याच घरात एक म्हातारी होती, नवरा गेलेली. तिने कोयता उलटासुलटा केला आणि म्हणाली, "लोहाराच्या पोरा, हा कोयता हाय का नवरी? नाक बघ केवढं मुरडलंय!" अंगणातल्या बायका हसल्या. मग ती बांबूच्या बेटात गेली. दुपारी परत आली तेव्हा थट्टा संपली होती. चुलीवरच्या माळ्यावरून तिने धुराने काळं झालेलं शिवणीचं लाकूड काढलं, पदराने पुसलं. "घरच्यानं वाळवत ठेवलेलं. सात वर्षं धूर खाल्लाय. अप्पाला सांग, मूठ बारीक कर. माझा हात बाईचा हाय, रेड्याचा न्हवं." अशी नऊ घरांतून नऊ लाकडं मिळाली. कुणी खूण म्हणून खाच पाडली होती, कुणी चुन्याचा ठिपका लावला होता. मी मोळी बांधून डोक्यावर घेतली.

परतीच्या वाटेवर ओढ्यापाशी शाळेतले दोघे सोबती भेटले, धुतलेले सदरे घालून सुप्याच्या बाजाराला निघालेले. एक म्हणाला, "काय रे पंडित, लाकडं इकायला लागलास काय?" दुसरा म्हणाला, "शाळा शिकून मोळीच वाहायची हुती तर गुरुजींचा मार कशाला खाल्लास?" ओढा भरून वाहत होता. मी मोळी त्यात सोडून दिली आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. कोयता मात्र गोणपाटात गुंडाळलेला होता, तो राहिला.

घरी आलो तेव्हा तुम्ही भट्टीपुढे बसला आहात. वर न बघताच विचारता, "किती?" मी म्हणतो, "एक बी न्हाई." तुम्ही कोयता हातात घेता, धारेवरून अंगठा आडवा फिरवता. पात्याला बांबूचा चीक वाळून चिकटलेला आहे. "वापरलाय तर भरपूर," तुम्ही म्हणता. "आन तरी लाकूड न्हाई दिलं?" मी म्हणतो, "न्हाई." तुम्हाला लोखंड खोटं सांगत नसे. तरी त्या दिवशी तुम्ही माझंच खरं मानलंत. कोयता भट्टीत घातलात आणि त्याचे दोन विळे केलेत.

त्यानंतर दिग्गीचे लोक आपल्याकडे यायचे थांबले. विळ्याला धार लावायलासुद्धा ते दूरच्या लोहाराकडे जाऊ लागले. तुम्ही एकदा तिथल्या लग्नाला गेलात आणि लवकर परत आलात. "गूळपानी बी कुणी इचारलं न्हाई," असं आईला सांगितलंत. "महागाचं काम दाखवलं म्हणून मी त्यांना हावरा वाटलो असंन." मी दाराआड उभा होतो. पुन्हा तुम्ही नवीन काही घडवलं नाही. आई म्हणायची, काहीतरी करा हो वेगळं, तर तुम्ही म्हणायचात, "कुणाला पायजे?"

तुमच्या बाराव्याला ती म्हातारी काठी टेकत आली. जेवली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कोयता न्हाई तर न्हाई बाबा. माझ्या घरच्याचं लाकूड तेवढं दे. काठीला मूठ करीन." अप्पा, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अप्पांच्या ध्यानात ऱ्हात न्हवतं. जाळलं असंल भट्टीत." तिने तुमच्या ऐरणीवर हात टेकला. मग म्हणाली, "मेलेल्या माणसावर काय रागवायचं," आणि निघून गेली. दिग्गीत आजही तुमचं नाव निघालं तर तेच निघतं, लाकडं जाळणारा लोहार.

हे सगळं लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही, कारण वर एक गोष्ट मी खोटी लिहिली आहे. ओढ्यापाशी ते दोघे मला काही बोलले नाहीत. वळणापलीकडून त्यांचा आवाज आला, आणि ते दिसायच्या आधीच मी मोळी पाण्यात टाकली. त्यांनी लाकडं पाहिलीच नव्हती. पंडित म्हणून मला कधी कुणी चिडवलं नाही, अप्पा. ते मी आत्ता, तुम्हाला लिहितानाच रचलं.